प्रौढ जन्मजात हृदयविकार प्रशिक्षण

जन्मतः हृदयरचनेत दोष असलेल्या, पण वयात आलेल्या रुग्णांच्या उपचारांसाठी हृद्रोगतज्ज्ञांना दिले जाणारे विशेष प्रशिक्षण. बॉल्टिमोर येथे २९ नोव्हेंबर १९४४ रोजी झालेल्या ब्लेलॉक-टाउसिग शस्त्रक्रियेनंतर (पहा : हृदय शस्त्रक्रिया) ‘निळी बालके’ जगू लागली, पुढे त्यांतूनच हा रुग्णवर्ग तयार झाला. अमेरिकेत या उपशाखेची प्रमाणपत्र परीक्षा २०१५ पासून होते. तेथे हृद्रोगातील फेलोशिपनंतर आणखी दोन वर्षांची फेलोशिप करावी लागते. फॅलो चतुर्विकृतीच्या दुरुस्तीनंतर गळू लागलेली फुप्फुस-झडप, आयसेनमेंगर लक्षणसमूह, हृदयाची अनियमित लय आणि गर्भारपणातील जोखीम हे त्यातील मुख्य विषय. दुरुस्त केलेले हृदय क्वचितच पूर्ण निर्दोष असते, त्यामुळे इको, एमआरआय व कॅथेटर उपचारांइतकाच आजन्म पाठपुराव्यावर भर असतो. भारतात एम.डी.नंतरचा तीन वर्षांचा डी.एम. (हृद्रोग) हा त्याचा पाया (पहा : वैद्यकीय शिक्षण). नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (स्थापना १९४७) संलग्न सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृद्रोग विभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) मर्यादा १८ वर्षे वयापर्यंत असून त्यापुढील रुग्ण प्रौढ हृद्रोग विभागांकडे येतात.