हिमशास्त्राचा उदय : दावोसची परंपरा

आल्प्स पर्वतातील खेड्यांनी हिमस्खलन, म्हणजे उतारावरून एकाएकी सुटून खाली कोसळणारी बर्फाची रास, शतकानुशतके दैवी कोप मानली. मात्र वनाधिकारी योहान कोआत्स यांनी स्वित्झर्लंडमधील हिमस्खलनांच्या नोंदी संकलित करून १८८१ मध्ये त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या अनुभवाला पद्धतशीर निरीक्षणाचे रूप येऊ लागले. पुढे १९३६ मध्ये दावोसजवळील वाइसफ्लूयोख येथे, सुमारे २,६६० मीटर उंचीवर, हिमप्रयोगशाळा उभी राहिली. जमिनीवर साचलेला बर्फ एकजिनसी नसून थरांचा बनलेला असतो, त्यातील कण तापमानातील फरकामुळे सतत रूप पालटतात आणि वरच्या जड थराखाली एखादा ठिसूळ थर दडलेला असल्यास तो मोडून संपूर्ण उतार निसटू शकतो, हे तेथील संशोधकांनी उलगडून दाखवले.

१९४२ मध्ये या कार्याला स्वतंत्र संस्थेचे स्वरूप मिळाले आणि युद्धकाळात लष्कराकडे असलेली इशारासेवा १९४५ मध्ये तिच्याकडे आली. १९५०-५१ च्या हिवाळ्यात देशात ९८ माणसे हिमस्खलनांत मृत्युमुखी पडल्यानंतर उतारांवरील रोधक बांधकामांना वेग आला. १९९३ मध्ये युरोपीय देशांनी धोक्याची पाच पायऱ्यांची समान श्रेणी स्वीकारली, त्यामुळे शास्त्रज्ञांचे निष्कर्ष सामान्य गिर्यारोहकालाही समजतील अशा भाषेत पोहोचू लागले. २०१८ मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड व ऑस्ट्रियातील हिमस्खलनविषयक ज्ञानपरंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. प्रयोगशाळेइतकेच खेड्यांतील अनुभवसिद्ध ज्ञानही या शास्त्राचा आधार होते, याची ही पावतीच ठरते.