आमिष : जिवंत की बनावट?

लहानपणी ओढ्याकाठी बसून आम्ही गळाला गांडूळ लावीत असू, नाही तर कणकेची गोळी. गांडुळाला मासा लवकर लागतो, एवढेच आम्हांला ठाऊक होते. माशाला त्यात नेमके काय दिसते, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

प्रश्न मात्र जुना आहे. इ. स. 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत प्राण्यांविषयी ग्रंथ लिहिला. मॅसिडोनियातील एका नदीवरचे मच्छीमार गळाला लाल लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे लावीत, असे त्यात वर्णन आहे. तिथले ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारी एक माशी खात. मग खरी माशीच का लावू नये? कारण हात लागताच तिचा रंग जाई, पंख चुरगळत आणि मासे तिला तोंड लावीत नसत. बनावट आमिष असे अडचणीतून जन्मले!

परंतु लोकर आणि पिसे म्हणजे काही हुबेहूब माशी नव्हे. मग मासा फसतो कसा? 1930 च्या दशकात लायडन येथे निको टिनबर्गेन यांनी स्टिकलबॅक माशांवर प्रयोग केले. लाल पोट नसलेली हुबेहूब प्रतिकृती पाहून नर फारसा चिडत नसे. खालून लाल रंगवलेल्या ओबडधोबड तुकड्यावर मात्र तो तुटून पडे. हा हल्ला हद्दीसाठी होता, भुकेपोटी नव्हे. तरीही त्यातून एक गोष्ट कळते : मासा पुष्कळदा संपूर्ण चित्राऐवजी एखाद्या खुणेलाच प्रतिसाद देतो.

फिनलंडचे मच्छीमार लौरी रापाला यांना ही खूण हालचालीत सापडली. मोठे मासे कळपातल्या अडखळत पोहणाऱ्या माशावर झडप घालतात, हे पाहून 1936 मध्ये त्यांनी तसाच डुलणारा बुचाचा मासा कोरला.

म्हणून गांडूळ बाद झाले काय? नाही. त्याला वास असतो, चव असते; गढूळ पाण्यात तेच सरस ठरते. पण जिवंत आमिषाची जोखीमही असते. अमेरिकेतील ओहायो खोऱ्यातला रस्टी क्रेफिश हा झिंग्यासारखा प्राणी गळाचे आमिष म्हणून उत्तरेकडील तळ्यांपर्यंत पोचला. तिथे त्याने पाणवनस्पती फस्त केल्या आणि स्थानिक जातींना हुसकावले. बनावट आमिषाची वीण वाढत नाही, हे खरे. पण तुटून तळाशी राहिलेले प्लास्टिक कुजतही नाही.

ओढ्याकाठी सहल नेलीत, तर मुलांना दोन प्रश्न जरूर विचारा : माशाने काय ओळखले? आणि उरलेल्या आमिषाचे पुढे काय होणार?