वार्धक्यातील परकेपणा : पुरुषांचा आणि स्त्रियांचा

वार्धक्य कोणासही चुकलेले नाही. परंतु ते पुरुषाला व स्त्रीला एकाच वाटेने येत नाही, हे आपल्या समाजात फारसे कोणी बोलून दाखवीत नाही. १९५९ साली मेल्विन सीमन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने परात्मतेचे, म्हणजे आपल्याच माणसांत आपण परके झाल्याच्या भावनेचे, पाच प्रकार सांगितले. आपल्या हाती काही उरले नाही ही असहायता त्यांत पहिली, आणि एकाकीपणाही त्यांतच आला. आमच्या मते वऱ्हाडातील म्हाताऱ्या माणसांत हे दुःख दोन निराळ्या रूपांनी वास करते. पुरुषाला घर असते, परंतु घरातील माणसे दुरावतात. स्त्रीच्या भोवती माणसे असतात, परंतु घर तिचे नसते. हे असे का झाले, याचा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन प्रत्येक शेताचे खाते खातेदाराच्या नावे लागले, आणि ते नाव बहुधा पुरुषाचेच असे. पेरणी केव्हा करावयाची, कापूस कोणत्या बाजारात न्यावयाचा, सालदार कोण ठेवावयाचा, हे सारे तोच ठरवी. चावडीवर व पारावर त्याच्या शब्दास वजन असे. अशा पुरुषाच्या हातून कारभार गेला म्हणजे त्याचे नावच पुसल्यासारखे होते. ओसरीवर बसलेल्या वृद्धास जेवावयास मिळते, पण सल्ला कोणी विचारीत नाही. नोकरदाराची स्थितीही याहून वेगळी नाही; सेवानिवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावयाचे, हा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. पुरुषाचे परकेपण असे उशिरा येते, पण एकदम येते.

स्त्रीचे परकेपण मात्र लग्नाच्या दिवशीच सुरू होते. माहेर सुटते, आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते. सासरी पंचवीस-तीस वर्षे खपल्यानंतर किल्ल्या हाती येतात, आणि सून आली की त्याही द्याव्या लागतात. त्यात वैधव्य आले म्हणजे तर आधारच तुटे. मिताक्षरा पद्धतीच्या एकत्र कुटुंबात पती वारला तर विधवेस पूर्वी केवळ अन्नवस्त्राचा व निवाऱ्याचा हक्क होता, हिस्सा नव्हता. मुंबईचे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली कायदा झाला व विधवेस मुलाइतका वाटा मिळाला; परंतु तो केवळ हयातीपुरता. शिवाय १९४१ साली फेडरल कोर्टाने असा निर्णय दिला की, प्रांतांतील शेतजमिनीस हा कायदा लागू नाही. ज्या मुलखात शेत हीच सारी मालमत्ता, तेथे अशा हक्काचे मोल ते काय? प्रांतांनी निराळे कायदे केले तेव्हा ही उणीव दूर होऊ लागली.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने स्त्रीचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीचा झाला. याच कायद्यातील एक गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. मुलगा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची आई त्याच्या पत्नीबरोबर व मुलांबरोबर पहिल्या वर्गातील वारस ठरते. बाप मात्र दुसऱ्या वर्गात येतो. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहित कन्येवरही आईबापांच्या पोषणाची जबाबदारी आहे असे ठरविले. ते प्रकरण कल्याण येथील असून दाद मागणारा बाप होता. २००७ च्या कायद्याने तर वृद्धांस उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे निर्वाहखर्च मागता येतो. आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलास दिलेली मालमत्ता, ती अट न पाळल्यास, परत मिळविता येते.

कायदा झाला, पण मन कायद्याने भरत नाही. लोहारा हे यवतमाळ शहरास लागून असलेले गाव. येथे औद्योगिक वसाहत झाली, शहर जवळ सरकले, आणि शिकलेली मुले नागपूर-पुण्यास गेली. तेव्हापासून एक नवीनच वियोग पाहावयास मिळतो. नातवंडे सांभाळण्यास आजीस पुण्यास नेतात, व घराची आणि शेताची राखण करण्यास आजोबा मागे राहतात. त्यांना चूल पेटविता येत नाही. तिला तेथील शेजार ओळखीचा नाही. नातू शाळेत जाऊ लागला म्हणजे तिचे कामही संपते. पूर्वी जात्यावरच्या ओवीत स्त्रिया आपले दुःख एकमेकींस सांगत. गिरणी आली, श्रम वाचले, पण ती बोलण्याची जागाही गेली. भजनी मंडळाने ती काही अंशी भरून काढली आहे. पुरुषांस अशी जागा निर्माण करणे अधिक कठीण जाते, कारण मनातले सांगण्याची सवयच त्यांस नसते.

२०११ च्या जनगणनेत साठ वर्षे व त्यावरील स्त्रिया सुमारे ५ कोटी ३० लक्ष व पुरुष सुमारे ५ कोटी १० लक्ष होते. वृद्धांत स्त्रियाच अधिक, आणि त्यांत विधवांचे प्रमाण विधुरांच्या मानाने पुष्कळच मोठे. तरीही ज्ञातीच्या सभेत सत्कार होतो तो बहुधा वृद्ध पुरुषांचा. त्यांच्या शेजारी पत्नी बसते, व विधवा मागच्या रांगेत. ज्ञातीच्या यादीत कुटुंबप्रमुखाचे नाव येते, त्याच्या आईचे येत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, पुढील यादीत प्रत्येक घरातील वृद्ध स्त्रीचे नाव व तिचे माहेरगाव स्वतंत्र लिहावे. पतीच्या पश्चात जिचे नाव सातबाऱ्यावर लागले नसेल, तिला फेरफार नोंदविण्यास ज्ञातीतील जाणत्या तरुणांनी साह्य करावे. आणि वृद्ध पुरुषांकडे केवळ देणगीसाठी न जाता काही काम घेऊन जावे. मुलांस हिशोब शिकविणे, जुन्या नोंदी लावणे, काहीही चालेल. पुरुषास पाहिजे आहे कोणी विचारणारे, आणि स्त्रीस पाहिजे आहे आपले म्हणण्याजोगे घर. या दोन्ही गोष्टी देण्यास संस्थेच्या तिजोरीतून फारसा पैसा लागणार नाही. बंधुभगिनींनी याचा विचार करावा, ही विनंती.