कमरेवरचा घट्टा

नऊवारीची गाठ सैल राहिली तर निंदणीला वाकताना लुगडं सुटतं, म्हणून ती करकचून मारायची. वर कनवटीला पैसे आणि तंबाखूची चंची. त्याच जागी, जन्मभर. विदर्भात शस्त्रक्रिया करताना हा काळा घट्टा मी कितीतरी कमरांवर पाहिला. ‘‘गाठ सैल करा मावशी,’’ म्हटलं की उत्तर यायचं, ‘‘काई नाई जी, जुनाच हाये.’’

अशा घट्ट्यातून कॅन्सर होऊ शकतो हे ओळखलं डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी. परळला १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयात ते विकृतिशास्त्रज्ञ होते. १९४५ साली सूर्यबाई यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांनी लोकांच्या रोजच्या सवयींतून होणारे तीन कॅन्सर मांडले: चुट्टा या जाड विडीचा, खैनीचा आणि धोतराचा. सूक्ष्मदर्शकाखाली कातडीचा तुकडा बघणाऱ्या माणसाने रोगी धोतर कसं नेसतो याचा विचार करावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीने, म्हणजे छोट्या शेगडीने, होणारा कॅन्सर त्याआधीच माहीत होता, पण तिथे निखारा होता. इथे नुसतं कापड, घाम आणि घर्षण.

कमरेवरचा हा कॅन्सर म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा, त्वचेच्या वरच्या थरातला. एरवी तो उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगावर जास्त दिसतो, झाकलेल्या कमरेवर विरळाच. आधी कातडी काळवंडते, जाड होते, कोंडा सुटतो. कुठे पांढरी पडते. मग एखादी चीर भरेनाशी होते. बाई हळद-तेल लावते आणि पुन्हा तिथेच गाठ मारते. जखमेच्या कडा उंच आणि कडक झाल्या की तुकडा तपासायलाच हवा. असा जुन्या व्रणातला कॅन्सर उन्हाने होणाऱ्यापेक्षा अधिक वेळा जांघेतल्या गाठींत (लसिका ग्रंथींत) उतरतो. म्हणून भोवतालच्या निरोगी कातडीसकट तो काढायचा, गरज पडली तर मांडीची कातडी लावायची, आणि गाठींत पोचला असेल तर त्याही काढायच्या.

२०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची नोंद प्रसिद्ध केली. एकीने ४० वर्षं परकराशिवाय लुगडं घट्ट नेसलं होतं. तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीत पोचला होता. खानोलकरांच्या लेखाला तोवर ७९ वर्षं झाली होती, आणि आजही खोकल्यासाठी आलेल्या बाईची कमर कुणी बघत नाही. ती बघावी. परकराच्या सुतळीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी लावायला सांगावं, गाठीची जागा बदलायला सांगावं, आणि कातडी सोलवटली असेल तर ती भरेपर्यंत तिथे काहीच आवळू देऊ नये.