कोलंबिया: शेवटचा तास

१ फेब्रुवारी २००३, शनिवार, पौष अमावस्या. वेळा संध्याकाळच्या, त्या दिवशी अचलपूरच्या घड्याळात वाजत होत्या त्या.

६:४५
हिंदी महासागरावर नासाच्या कोलंबिया या अंतराळयानाने वेग तोडायला इंजिनं पेटवली. आता माघार नाही. आत कल्पना चावला धरून सात जण. डाव्या पंखाची पुढची कड मात्र सोळा दिवसांपासून जखमी होती. १६ जानेवारीला, उड्डाणानंतर ८२व्या सेकंदाला, यानाच्या बाहेरच्या इंधनटाकीवरचा पाऊण किलोचा फोमचा तुकडा सुटून त्या कडेवर आदळला होता. इंजिनिअरांनी पंखाचे फोटो मागितले, वरिष्ठांनी ते काढवून घेतले नाहीत. माझ्या मते घात तिथेच झाला.

७:१४
१२२ किलोमीटर उंचीवर वातावरण लागलं.
पंखाची ही कड कार्बनच्या तंतूंनी बांधलेल्या कार्बनच्या पॅनलांची, वर सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिकचा थर. आपल्याकडे भिंतीच्या मातीत कुटार कालवतात, तेच काम इथे तंतू करतात. चीर त्यांच्यापाशी अडते, वळते, दोन्ही काठ धरलेले राहतात. पण चिरेतून ऑक्सिजन शिरला की तापलेला कार्बन आतून जळू लागतो आणि तंतूंची पकड सुटते. म्हणून तर वरचा थर. तो उष्णता सोसतो, ऑक्सिजन अडवतो, पण जोराचा मार त्याला सोसत नाही.

७:१८
कडेमागच्या ॲल्युमिनियमच्या तुळईवर ताण वाढला. नोंद झाली ती यानातल्या रेकॉर्डरवर. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्राला पत्ताच नाही.

७:२३
कॅलिफोर्नियाचा किनारा. कड अंदाजे १५०० अंश सेल्सिअसवर. धड पॅनल एवढं सहज सोसतं. फुटक्या पॅनलमधून मात्र तापलेला वायू थेट ॲल्युमिनियमवर जात होता, आणि ते सातशे अंशांच्या आतच वितळतं. खालून पाहणाऱ्यांना यानामागे तुकडे सुटताना दिसले.

७:२४
डाव्या पंखातले चार सेन्सर बंद पडले.

७:२९
डाव्या टायरांच्या दाबाचे आकडे गेले. कमांडर रिक हजबंड 'रॉजर' म्हणाले आणि पुढचा शब्द अर्धाच राहिला.

७:३०
टेक्ससवर यानाचे तुकडे झाले. फ्लोरिडात उतरायला सोळा मिनिटं उरली होती.

हलक्याशा फोमने असं होईल, हे नासातल्या अनेकांना पटेना. म्हणून ७ जुलैला सॅन अँटोनिओत चाचणीसाठी तसाच तुकडा ताशी ८५० किलोमीटर वेगाने, अटलांटिस यानावरून काढलेल्या आठव्या पॅनलवर डागला. सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं.