पूर्णवेळ लिहायचे आहे? आधी 'मूकनायक'चा हिशोब मांडू या

"नोकरी सोडतोय, आता पूर्णवेळ लिहिणार," असे सांगणारे तरुण हल्ली आम्हाला वरचेवर भेटतात. कुणाचे यूट्यूब चॅनल असते, कुणी ऑनलाइन लेख लिहितो. त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण घरचा किराणा कोण भरणार, असे विचारले की बहुतेक जण गप्प होतात. पैशाचा म्हणून हा प्रश्न हलका समजू नये. आपल्या पत्रकारितेचा शंभर वर्षांचा इतिहास याच प्रश्नाशी झुंजत आला आहे.

'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव छापता येत नव्हते. नाव लागले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. आज सरकारी नोकरीतले आपले कितीतरी लोक टोपणनावाने लिहितात. त्यांना घाबरट म्हणणाऱ्यांनी हे जरूर आठवावे.

भांडवल कुठून आले? छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. तेव्हाच्या मानाने ही मोठी मदत होती. पण पत्र निघाले आहे हे लोकांना कळणार कसे? 'केसरी'ने तर पैसे देऊ करूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. ज्यांच्यासाठी पत्र काढले, त्यांच्यात वाचता येणारे थोडे आणि वर्गणी परवडणारे त्याहून थोडे. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. पत्र ज्ञानदेव घोलप यांच्या हाती आले आणि १९२३ मध्ये ते बंद पडले. कारणे एकाहून अधिक होती. तरी आम्हाला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. देणगीवर पहिला अंक निघतो, पन्नासावा अंक काढायला वर्गणीदारच लागतात.

महाडच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. या वेळी संपादक स्वतः बाबासाहेब. ते वकिली करत होते, अकाउंटन्सीच्या एका संस्थेत शिकवत होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्यही होते. हे सगळे सांभाळून अंकाचे चोवीस-चोवीस रकाने ते एकट्याने लिहून काढत, तेही कसलाही मोबदला न घेता. याच काळात 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' हा अग्रलेख त्यांना लिहावा लागला. त्याचे शीर्षकच पुन्हा वाचा. परदेशी विद्यापीठांतून पदव्या घेऊन आलेल्या माणसाला आपल्याच समाजाला सांगावे लागत होते की या पत्राचे तुमच्यावर देणे आहे. नोव्हेंबर १९२९ मध्ये हेही पत्र थांबले. वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० रोजी, 'जनता' निघाले. १९५६ मध्ये त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले.

म्हणजे खुद्द बाबासाहेबांनाही पूर्णवेळ संपादक होणे परवडले नाही. पोट वकिली आणि अध्यापनावर चालले, पत्र रात्री जागून चालले. आम्ही हे गौरवाने सांगत नाही आहोत. एका माणसाच्या झोपेवर चळवळीचे पत्र चालत होते, ही समाजाची उणीव होती. त्यांच्या कष्टाचे पोस्टर छापून ती भरून निघत नाही.

सत्यशोधकांचीही हीच गत होती. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढला, पण पैशाअभावी तो त्यांना पेलेना. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईत नेला. भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी पुढे 'दीनमित्र' नगर जिल्ह्यातल्या तरवडी गावातून अर्धशतकाहून अधिक काळ चालवला. गावात राहून इतके टिकता येते, हे शहरातच चळवळ असते असे मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

मित्रांनो, आजचा धोका थोडा वेगळा आहे. छपाईचा खर्च गेला. पण लिहिणाऱ्याचे पोट गेलेले नाही. ते भरायला मग नेत्याच्या वाढदिवसाची जाहिरात येते, निवडणुकीच्या तोंडावर कुणाचे तरी 'पॅकेज' येते, आणि ज्याच्या पैशावर घर चालते त्याच्याविरुद्ध लेखणी उचलत नाही. आमच्या ओळखीचे दोन चांगले लिहिणारे असेच गप्प झाले. त्यांना विकाऊ म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्या लेखाखाली 'जय भीम' लिहिणाऱ्या शेकडो लोकांपैकी कितीजणांनी महिना पन्नास रुपये दिले होते? आम्हीही दिले नव्हते, हे कबूल करतो. त्याच वर्षी आमच्या वस्तीत जयंतीच्या डीजेसाठी मात्र घरटी वर्गणी निघाली आणि ती आम्हीच गोळा केली.

समाज पैसा देत नाही, हे मात्र आम्हाला मान्य नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे राहून पाहावे. रात्रभर प्रवास करून आलेली आई पदराची गाठ सोडते, नोटा दोनदा मोजते आणि लेकीसाठी पुस्तक घेते. लिहिणाऱ्याने आपला पहिला वर्गणीदार तिथे शोधावा. पावतीपुस्तक सोबत न्यावे आणि वर्षाचा हिशोब तिला समजेल अशा मराठीत छापावा. तोवर नोकरी सोडू नये.