मुंडी हलवणारी गाडी

आजच्या भागात लढाई नाही, नकाशाही नाही. आज मोटारसायकलच्या पुढच्या चाकाबद्दल बोलायचं आहे. वेगात असताना हँडल आपोआप डावी-उजवीकडे थडथडायला लागतं, त्याला वॉबल म्हणतात. ज्यांनी ते अनुभवलंय त्यांच्या तळहातांना ते अजून आठवत असेल.

1980च्या दशकात मी राजस्थानात सिग्नल्सच्या एका तुकडीत कॅप्टन होतो. आमच्याकडे साताऱ्याकडचा एक डीआर होता. डीआर म्हणजे डिस्पॅच रायडर, मोटारसायकलवरून लष्करी डाक पोहोचवणारा जवान. एकदा तो म्हणाला, "साहेब, गाडी मुंडी हलवतीया. सत्तरच्या वर गेलं की." गाडी जुनी होती. हँडलच्या मधोमध स्टिअरिंग डॅम्परची मूठ होती. ती आवळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि हँडल जड होतं. एमटी हवालदाराने ती मूठ दोन आटे फिरवली आणि गाडी गप्प झाली.

पंधरा दिवसांनी तो पोरगा सरळ, रिकाम्या रस्त्यावर पडला. मागे कॅरिअरवर डाकेची भरलेली पिशवी. कॉलरबोन मोडलं. चौकशी माझ्याकडे आली. त्याचं म्हणणं होतं, "मुंडी नव्हती हालत साहेब. सगळी गाडीच सापासारखी चालली." मी अहवालात लिहिलं: अतिवेग, चालकाची चूक. सही केली.

आता जरा मागे जाऊ. 1899 साली केंब्रिजच्या फ्रान्सिस व्हिपल या तरुण गणितज्ञाने सायकलच्या स्थैर्याची समीकरणं मांडली. त्याच सुमारास फ्रान्समध्ये कार्व्हालो याच प्रश्नाच्या मागे होता. व्हिपलचं गणित इतकं नेटकं की आजही त्यापासूनच सुरुवात करतात. सायकल का तोलते, कधी कलंडते, कधी नागमोडी जाते हे त्यातून निघतं. वॉबल मात्र त्यात कुठेच नाही! कारण व्हिपलची चाकं सुरीच्या धारेसारखी होती, जमिनीवर न घसरणारी, न दबणारी. खऱ्या गाडीला रबरी टायर असतो. बाजूने जोर आला की तो आधी पिळवटतो आणि मग, किंचित उशिराने, प्रतिकार करतो. हा उशीर वॉबलच्या मुळाशी आहे.

ही गोष्ट कळायला मोटारी आणि विमानं यावी लागली. 1920च्या दशकात मोटारींची पुढची चाकं थरथरू लागली, त्याला शिमी म्हणत. 1925 मध्ये ब्रूलिए या फ्रेंच अभियंत्याने टायरच्या बाजूला सरकण्याशी तिचा संबंध जोडला. 1941 मध्ये जर्मनीत फॉन श्लिपे आणि डिट्रिश यांनी विमानाच्या चाकांसाठी टायरला ताणलेल्या दोरीसारखं मानून गणित केलं. इस्पितळातल्या स्ट्रेचरचं एखादं चाक जोरात ढकललं की फडफडतं, पाहिलंय ना? कुळ तेच.

मोटारसायकलवाले तोवर काय करत होते? मूठ आवळत होते. चौकटीकडे मात्र हळूहळू लक्ष जाऊ लागलं. 1950 मध्ये नॉर्टनने बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसची नवी चौकट शर्यतीत उतरवली. ती चालवून हॅरोल्ड डॅनियल हा शर्यतपटू पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं असं काहीसं म्हणाला, आणि तिचं नाव फेदरबेड पडलं. त्याच वर्षी जेफ ड्यूकने तिच्यावर आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकली. चौकट ताठ आणि मागचं चाक नीट धरलेलं असेल तर पुढचं चाकही शहाण्यासारखं वागतं, हे कारागिराला कागदाआधी कळलं होतं.

कागद आला 1971 मध्ये. रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने टायरचा तो उशीर समीकरणांत घातला आणि वॉबल गणितात प्रकट झालं. त्याने गाडीच्या तीन चाली वेगळ्या केल्या. कॅप्साइज म्हणजे हळूहळू एका बाजूला कलंडणं. वॉबल म्हणजे फक्त हँडल आणि पुढचं चाक थडथडणं, सेकंदाला साधारण 6 ते 10 वेळा. आणि वीव्ह म्हणजे अख्खी गाडी सापासारखी वळवळणं, बरीच संथ, सेकंदाला दोन-तीन वेळा, तीही वाढत्या वेगाला. याच निबंधात आणखी एक निष्कर्ष होता: स्टिअरिंग डॅम्पर वॉबल दाबतो, पण वीव्हला उत्तेजन देतो.

हा निबंध मी वाचला तो अपघातानंतर दोन वर्षांनी, महूला कोर्सवर असताना, आणि खरं सांगतो, पान उलटायचं विसरलो. "सगळी गाडीच सापासारखी चालली." पोराने जे सांगितलं ते तंतोतंत वीव्हचं वर्णन होतं.

कारण मधल्या काळात आमच्या फिटरने ती गाडी उघडली होती. कोनसेटच्या खालच्या वाटीत गोळ्यांनी खळगे पाडलेले, आणि सेट ढिला. मागच्या टायरमध्ये हवा कमी. मला ते दाखवलंही होतं. पण ढिल्या कोनसेटने मुंडी हलते, गाडी साप होत नाही, असं म्हणून मी विषय झटकला होता. आवळलेली मूठ, मागचं ओझं आणि मऊ टायर या तिघांची बेरीज मी केलीच नव्हती. मुठीने दुखणं झाकलं आणि दुसरं उभं केलं.

शार्पचं गणितही पहिल्या फटक्यात पूर्ण नव्हतं. त्यात वॉबल वेगाबरोबर बिघडत जायचं, तर चालवणाऱ्यांचा अनुभव असा की ताशी 60 ते 80च्या आसपास, वेग उतरत असताना हँडलवरचा हात सैल केला की थडथड जास्त. शेवटी 1980 मध्ये शार्प आणि अल्स्टेड यांनी पुढच्या भागाची लवचीकता हिशेबात धरली आणि गणित अनुभवाच्या बरंच जवळ आलं.

तेव्हा तुमची गाडी मुंडी हलवत असेल तर आधी दोन्ही टायरची हवा बघा, मग झीज. मागच्या पेट्या उतरवून बघा. मग मेन स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करा, फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. टक् लागलं तर कोनसेट ढिला. हँडल सावकाश फिरवताना मध्यावर अडकल्यासारखं झालं तर वाटीत खळगे आहेत. नुसतं आवळून भागणार नाही, सेट बदला. चाक फिरवून रिम लहरते का, आरे ढिले आहेत का, मागे स्विंग आर्मच्या बुशात खेळ आहे का, हे पाहा. डॅम्पर सगळ्यात शेवटी. आणि चालत्या गाडीवर सुरू झालंच तर हँडल करकचून धरू नका, ब्रेक दणकन दाबू नका. गुडघ्यांनी टाकी धरा, अंग थोडं पुढे झुकवा, थ्रॉटल हळूहळू सोडा.

महूहूनच मी दुरुस्तीचा कागद पाठवला: चालकाची चूक नाही, गाडीत दोष. नाईकची फीत त्याला लागली, पण बरोबरच्या पोरांपेक्षा वर्षभर उशिरा. पुढे जबलपूरला भेटला. मी कागदाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं तेच लिहिलंय का साहेब त्यात?"

मी म्हटलं, "हो. तेच."